दुसरी वाफ

मांडवकर काकांच्या घरी पाणी मागितलं तर ते सात मिनिटांनी मिळतं. पाण्याला वेळ लागत नाही, ते उकळून गाळून तयारच असतं. वेळ लागतो ग्लासाला. तो आधी साबणाने धुतला जातो, मग उकळत्या पाण्यात बुडवला जातो, मग चिमट्याने बाहेर काढून जाळीवर उपडा ठेवला जातो. तो निथळेपर्यंत काका तुमच्याकडे असे बघत उभे राहतात, की तहान लागणं हीच आपली चूक झाली असं वाटायला लागतं. मी गेली नऊ वर्षं त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतोय. त्यांच्याकडे जाताना मी घरूनच पाणी पिऊन जातो.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "काका, ग्लास धुतलेलाच दिसतोय की."

"धुतलं म्हणजे मेलं नाही," काका म्हणाले.

हे वाक्य मी तेव्हापासून इतक्या वेळा ऐकलंय, की भाजीवालीने पालक पाण्यातून काढून दिला तरी माझ्या तोंडून ते बाहेर पडतं. मेले नाहीत म्हणजे जंतू. काका मूळचे रत्नागिरीकडचे, संगमेश्वर तालुक्यातले. मुंबईत एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या तळघरात त्यांनी तेहतीस वर्षं ऑपरेशनची हत्यारं वाफेवर निर्जंतुक केली. खोलीएवढं मशीन, त्याचं दार लावायचं, वाफ सोडायची, घड्याळ बघायचं. "डॉक्टरने कितीही चांगलं कापलं तरी पेशंट जगतो तो आमच्या वाफेवर," असं ते सांगतात. पण त्या तेहतीस वर्षांत त्यांनी वर जाऊन एकही पेशंट बघितला नव्हता. काम नीट झालं की नाही हे त्यांना एका चिकटपट्टीवरून कळायचं. पांढऱ्या पट्टीवर फिकट रेघा असतात, पुरेशी वाफ लागली की त्या काळ्या पडतात. रेघ काळी म्हणजे माणूस वाचला, एवढाच त्यांचा आणि माणसांचा संबंध.

निवृत्तीच्या दिवशी लोक चांदीचा गणपती घेऊन घरी येतात. काका त्या पट्टीची चार रिळं घेऊन आले. आमचा डबा त्यांच्याकडे गेला की परत येताना झाकणावर पट्टी असते, रेघा काळ्याकुट्ट. माझी बायको नीता सुरुवातीला रागवायची, आपण काय घाणेरडे आहोत का म्हणून. आता ती पट्टी नखाने खरवडत बसते आणि काही बोलत नाही.

आमची इमारत भाईंदर पश्चिमेला, मुर्ध्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. खिडकीतून मिठागरं दिसतील असं बिल्डरने सांगितलं होतं. दिसायची तशी, पहिले आठ महिने. आता समोरच्या इमारतीच्या बाथरूमचे पाइप दिसतात, आणि कुठल्या मजल्यावर कोण कधी आंघोळ करतं हे मला इच्छा नसताना पाठ झालंय. अशा ठिकाणी माणूस हळूहळू कोणाच्या भानगडीत न पडण्याच्या मनःस्थितीला येतो. मीही आलो होतो. त्यामुळे मे महिन्यात एका सकाळी काका दारात उभे राहून म्हणाले, "कदम, मोबाईलवरून घरी बिअर करायचं सामान मागवता येतं म्हणे. मला मागवून द्या," तेव्हा मी नुसतं "देतो" म्हणालो.

दार लावल्यावर मला धक्का बसला. काका आणि बिअर! या माणसाने शिमग्यालाही कधी घोट घेतलेला नाही. गावच्या पालखीत बाकीचे झिंगलेले असताना हे एकटे सरळ चालतात म्हणून निशाण यांच्याच हातात देतात, असं काकूच हसत सांगायच्या.

काकू आता नाहीत. दोन वर्षं होत आली. अकरा महिने आजारी होत्या. केमो चालू होतं, अंगातली ताकद गेलेली. साधं पडसंही झेपणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं. काकांनी ते ऐकलं आणि घराचं तळघर करून टाकलं. दाराला पडदा, तोंडाला मास्क, हातात मोजे. कोणालाही आत सोडलं नाही. आम्ही दारातूनच विचारपूस करायचो आणि डबा स्टुलावर ठेवून परत फिरायचो. आतून काकूंचा आवाज यायचा, "कोण आहे हो? नीता आहे का?" खरं सांगायचं तर आत जावं लागत नाही हे आम्हाला सोयीचंच होतं. आजाऱ्यापाशी बसून काय बोलायचं हे मला कधी सुचत नाही. त्याची मला आज लाज वाटते.

तर, सामान आलं. नळ लावलेला प्लास्टिकचा ड्रम, काळ्या पाकाचा डबा, यीस्टची पुडी, बुचं, बुचं बसवायचं यंत्र आणि इंग्रजी माहितीपत्रक. घरात बिअर करणं कायद्यात बसतं की नाही हे मी कोणाला विचारलं नाही. अशा गोष्टी विचारल्या की उत्तर मिळतं.

"पण कोणासाठी, काका?" एवढं मात्र विचारलं.

"पाहुणे यायचेत, भाद्रपदात. फेस आला पाहिजे, कदम. वर पांढरा फेस. तो नसला तर पाहुण्याला काय सांगणार?"

"मग दुकानातून आणा की. स्टेशनजवळ पाहिजे तेवढी मिळते."

काकांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "ती बाटली कोणी धुतली, कोणत्या हाताने भरली, तुम्हाला माहिती आहे?"

बिअर बनवणं त्या माहितीपत्रकाप्रमाणे चार ओळींचं काम होतं. पाक पाण्यात मिसळा, यीस्ट घाला, आठवडाभर ड्रममध्ये ठेवा. मग थोडी साखर घालून बाटल्यांत भरा आणि दोन आठवडे थांबा. बाटलीत यीस्ट ती साखर खाते आणि त्यातून फेस तयार होतो. बाटल्या स्वच्छ हव्यात, याला पत्रकात एक ओळ होती. काकांनी तिथे तीन दिवस घेतले.

बाटल्या त्यांनी जवळच्या मोरवा गावातल्या भंगारवाल्याकडून निवडून आणल्या. मी सोबत होतो. काका एकेक बाटली उन्हात धरायचे, एक डोळा मिटायचे, आणि बाजूला ठेवायचे. तीस बाटल्या नापास झाल्यावर भंगारवाला वैतागला.

"चाचा, इसमें क्या खराबी है?"

"अंदर देख."

"अंदर तो कुछ भी नहीं है."

"तेरे को नहीं दिखता," काका म्हणाले, आणि एकतिसावी उचलली.

घरी आणलेल्या बाटल्या आधी बादलीत भिजल्या, लेबलं सुटली. मग सोड्याचं पाणी, मग लांब दांड्याचा ब्रश, मग तीनदा विसळणं. मग केटरिंगवाल्याकडून आणलेला, मांडीएवढ्या उंचीचा कुकर. त्यात बाटल्या उभ्या, प्रत्येकीच्या गळ्याला पट्टी, आणि वीस मिनिटं वाफ. काका कोपरापर्यंत हात घासून दोन्ही हात वर धरून उभे. मी दारात नाकावर रुमाल धरून. काही बोलायला गेलो की ते डोळ्यांनीच दटावायचे. बोललं की थुंकी उडते.

ड्रममध्ये पाक आंबायला लागला तसा जिन्यात वास सुटला. शिळ्या भाकरीचा आणि गुळाचा असतो तसा. सोसायटीचे सेक्रेटरी शहा तिसऱ्याच दिवशी वर आले. मांसमच्छीच्या वासावरून त्यांचं आणि कोकणातल्या आम्हा मंडळींचं आधीच बरं नाही.

"मांडवकरभाई, आ शूं बास आवे छे? पूरे विंग में बास आ रहा है."

"आत या," काका म्हणाले. "चप्पल बाहेर. हात धुवा."

"अरे, मेरा हाथ साफ है."

"शहाशेठ, साफ अलग होता है, मरा हुआ अलग होता है."

शहा बेसिनसमोर उभे राहिले. काकांनी घड्याळ लावलं. बोटांच्या बेचक्या, नखं, अंगठा, मनगट, पूर्ण दोन मिनिटं. मग पुन्हा एकदा, कारण नळ बंद करताना शहांनी नळाला हात लावला होता. त्यानंतर शहा पाच मिनिटं खुर्चीत हात अधांतरी धरून बसले, आणि तक्रार न करताच खाली गेले. पुढचे काही दिवस ते लिफ्टचं बटण कोपराने दाबायचे.

जूनमध्ये पहिली बाटली उघडली. मी आणि काका, दोघेच. बूच निघालं. आवाज नाही. ग्लासात ओतली. काढ्यासारखी तपकिरी, आणि निपचित. एक बुडबुडा वर आला आणि तोही फुटला. काका वाकून ग्लासाकडे बघत राहिले.

"कुठेतरी कमी पडलो," ते म्हणाले.

त्यांच्या लेखी कमी पडायची जागा एकच. दुसऱ्या खेपेला बाटल्या दोनदा वाफेवर गेल्या. फेस नाही. तिसऱ्या खेपेला त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंती पुसल्या, पंखा काढून ठेवला, स्वतःचे केस बारीक करून आले. फेस नाही. प्रत्येक वेळी ते वाकून ग्लासाकडे बघायचे आणि तेच म्हणायचे, "कुठेतरी कमी पडलो." पहिल्यांदा मला हसू आलं होतं. तिसऱ्यांदा आलं नाही. माणूस बारीक झाला होता. बाटल्या धुऊन धुऊन बोटांची सालपटं निघाली होती, आणि कॅलेंडरवर भाद्रपदाचं पान जवळ येत होतं.

"पाहुण्यांना चहा द्या की, काका," मी म्हणालो. "बिअर मिळाली नाही म्हणून कोण परत जातं?"

"चहा खूप दिला," काका म्हणाले, आणि विषय संपवला.

काय चुकतंय हे बघायला मी ते शहाणं पत्रक चारदा वाचलं. सगळं जिथल्या तिथे होतं. शेवटी चूक सापडली ती नीताला, आणि तीही अळूवडी द्यायला गेली म्हणून. श्रावणातल्या रविवारची सकाळ होती. चौथी खेप भरून होत आली होती. मी नेहमीप्रमाणे दारात रुमाल धरून उभा. भरून, बूच ठोकून बाटल्या तयार झाल्या की काका मला घरी पाठवायचे, त्यामुळे पुढचं मी कधी बघितलंच नव्हतं. नीता आत डोकावली आणि म्हणाली, "काका, ह्या भरलेल्या बाटल्या परत कुकरजवळ कशाला मांडल्यात?"

"दुसरी वाफ," काका म्हणाले. "सलाईनची बाटली भरल्यानंतरच वाफेवर जाते, वहिनी. रिकामी बाटली नुसती निर्जंतुक करून काय उपयोग? आत जे भरलं त्याचं काय?"

नीता बघतच राहिली. "प्रत्येक वेळी असंच केलंत?"

"म्हणजे काय! त्याच्याशिवाय कोणाच्या तोंडाला लावायची?"

"अहो काका, विरजण लावलेलं दूध परत उकळलं तर दही लागेल का?"

काकांनी आधी नीताकडे बघितलं, मग बाटल्यांकडे. नीता सांगत होती, की यीस्ट म्हणजे बिअरचं विरजणच ना, ते जिवंत राहिलं तर फेस येणार, तुम्ही दर वेळी त्याला मारून टाकताय. मी दारात उभा राहून स्वतःच्या अकलेला नावं ठेवत होतो. चारदा पत्रक वाचलं! पण भरलेल्या बाटल्या शिजवू नका, हे कोणता पत्रकवाला लिहील?

"म्हणजे जंतू जिवंत ठेवायचे?" काका म्हणाले.

"हो."

"तिच्या ग्लासात?"

काकांच्या लक्षात आलं, की तोंडून निघून गेलंय. ते स्टुलावर बसले आणि घासलेले हात त्यांनी मांडीवर टेकवले.

काकू भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॅकिंगला होत्या, हे मला माहीत होतं. गाळ्यातल्या बायकांची एकदा उत्तनला सहल गेली आणि तिथल्या पाली गावच्या एका कोळीणबाईने सगळ्यांना थंड बिअर पाजली, हे मला माहीत नव्हतं; ते काकांनी आता सांगितलं. काकू घरी आल्या त्या हसतच. काकांनी त्यांना आधी आंघोळीला पाठवलं. तेव्हापासून वर्षातून एकदा, गटारीला, काकू एक बाटली आणायच्या आणि ओट्यापाशी बसून प्यायच्या. काका बाहेरच्या खोलीत टीव्ही बघायचे. भांडण असं नाही. त्यांना फक्त आवडायचं नाही.

"शेवटच्या श्रावणात म्हणाली," काका सांगत होते, "अहो, तोंड कडू झालंय नुसतं. एक ग्लास गार बिअर द्या हो. फेसवाली. मी म्हटलं, वेड लागलंय काय तुला, बाहेरची बाटली, इन्फेक्शन होईल. हसली. म्हणाली, बरं, मग उकळून द्या." काकांनी सालपटं निघालेल्या बोटांकडे बघितलं. "अकरा महिने मी तिला उकळलेलं पाणी दिलं, कदम. चहा दिला, पेज दिली. हाताला हात लावला नाही, मोजे होते. सगळ्याच्या सगळ्या पट्ट्या काळ्या आल्या. एक पण फिकी नाही. आणि तरी गेली."

मी नाकावरचा रुमाल खाली घेतला.

"आता नवमीला तिचं पान वाढायचं," ते म्हणाले. "म्हटलं, या खेपेला तिला पाहिजे ते द्यायचं. पण धोका नको."

मेलेल्या माणसाला इन्फेक्शनचा काय धोका, हे त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही. नीता पुढे झाली आणि तिने कुकरखालचा गॅस बंद केला. काकांनी तिला अडवलं नाही. पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते त्या बाटल्यांसमोर बसून होते, एवढं आमच्या उघड्या दारातून दिसत होतं.

नवमी म्हणजे अविधवा नवमी. पितृपक्षात नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं त्या दिवशी करतात. तिच्या नावाने एखादी सवाष्ण जेवायला बोलवायची, आणि गेलेलीला जे आवडत होतं ते हिला वाढायचं. काकांनी सवाष्ण म्हणून नीताला सांगितलं. ती "हो" म्हणाली, आणि घरी येऊन माझ्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे मला प्यावी लागणार." आमच्या घरात दारू कोणी शिवलेली नाही. मी शिवलोय, पण ते तिला ठाऊक नाही.

दुपारी बाराला गेलो. भिंतीशी काकूंचा फोटो, पुढे पाटावर पान. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर, भोपळ्याची भाजी, सगळं काकांनी स्वतः केलेलं. शेजारी नीताचं आणि माझं पान. काकांनी बाटली आणली. आयुष्यभर ज्यांना मारलं ते लाखो जंतू त्या बाटलीत त्यांनी मुद्दाम पोसले होते, आणि आता ती बाटली ते बायकोपुढे ठेवणार होते. त्यांनी बूच काढलं.

फस्‌ असा आवाज झाला आणि फेस बाटलीच्या गळ्यातून वर आला, त्यांच्या बोटांवरून वाहिला, पाटावर पडला. "आला!" नीता ओरडली. काका नुसते बघत राहिले. मग भानावर येऊन त्यांनी एक ग्लास फोटोपुढे ठेवला, एक नीताला दिला. नीताने डोळे मिटून घोट घेतला आणि औषध प्यायल्यासारखं तोंड केलं.

"कशी आहे?" काकांनी विचारलं.

"कडू आहे हो, काका."

"कडू?" त्यांना ते खरोखर ठाऊक नव्हतं. "तिचं तोंड कडू झालं होतं म्हणून तर मागत होती."

ते पाटासमोर मांडी घालून बसले. मग आमच्याकडे न बघता म्हणाले, "दर गटारीला अर्धा ग्लास ओट्यावर ठेवायची. माझ्यासाठी. म्हणायची, अहो, एकदा चव तरी बघा. मी मोरीत ओतून द्यायचो आणि ग्लास धुऊन ठेवायचो. पुढच्या वर्षी परत ठेवायची."

त्यांनी आणखी एक ग्लास घेतला, तो अर्धा भरला आणि तोंडाला लावला. पहिल्याच घोटाला त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला, डोळ्यांत पाणी आलं. पण ग्लास त्यांनी खाली ठेवला नाही. एकेक घोट घेत, मधे थांबत, सगळा संपवला. मिशीला फेस लागला होता. मग ते फोटोकडे वळले.

"बघितली गं," ते म्हणाले.

नीता उठली आणि खीर वाढायला लागली. मी खाली मान घालून जेवत राहिलो.